रुमालाखालचा कॉम्प्युटर

आमच्या गावात कॉम्प्युटर आला तो म्हशींच्या टेम्पोतून. संस्थेनं पुण्याहून चांगली जीप पाठवली होती, पण ती घोडेगावच्या अलीकडं बसली ती बसलीच. मग बाजाराला निघालेल्या एका टेम्पोवाल्याला दया आली. त्यानं ती खोकी वर घेतली आणि दोन म्हशींच्या मध्ये उभी केली. त्यातली एक म्हैस वाटभर मॉनिटरच्या खोक्याला इतक्या मायेनं चाटत आली, की गावात पोचेपर्यंत त्यावरचं काचेच्या पेल्याचं चित्र आणि 'सांभाळून हाताळा' ही सूचना दोन्ही तिच्या पोटात गेली होती. उतरवणाऱ्यांनी खोकं दाणकन खाली ठेवलं आणि वर आम्हालाच सुनावलं, नाजूक हुतं तर वर लिहायचं तरी.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझी सासुरवाडीही त्याच गावात आहे आणि मला अजून तिथं जेवायला जावं लागतं. घोडेगाव आणि तिसगाव यांच्या मधल्या माळावर कुठंतरी, एवढं पुरे. आमच्याकडंही दर रविवारी जनावरांचा बाजार भरायचा. घोडेगावचा बाजार थोरला आणि आमचा धाकटा, असं जग म्हणायचं. आमचं म्हणणं वेगळं होतं. घोडेगावला जनावरं जास्त जातात हे खरं, पण अक्कल असलेली जनावरं आमच्याकडं येतात. आमच्या बाजारातला बैल गिऱ्हाईक लांबून येताना बघून स्वतःच दात दाखवायचा, इतका तो शहाणा असायचा.

तर या बाजारासाठी कॉम्प्युटर आला होता. पाठवणारी संस्था पुण्याची, पैसा मात्र परदेशातला. संस्थेच्या ताईंनी चावडीसमोर सभा घेऊन सगळं समजावून सांगितलं. ताई बारीक चणीच्या, चष्मेवाल्या, आणि बोलायला लागल्या की समोरचा आपोआप मांडी घालून बसायचा. त्या म्हणाल्या, तिकडं एका श्रीमंत माणसानं मरताना आपली इस्टेट लोकांच्या कामासाठी ठेवली. त्यातून गोरगरिबांच्या उपयोगी पडतील अशी यंत्रं घ्यायची, असा त्याचा नियम. याला म्हणतात लोकोपयोगी तंत्रज्ञान. बाजारात जनावराला काय भाव चालू आहे हे शेतकऱ्याला कळत नाही, म्हणून तो फसतो. कॉम्प्युटर प्रत्येक सौद्याचा भाव नोंदवील, चालू भाव काढील आणि तो भाव कर्ण्यावरून साऱ्या माळावर सांगितला जाईल.

सभा पांगली आणि गावाला विचार पडला. कुठल्यातरी समुद्रापलीकडं मेलेल्या माणसाला आमच्या बैलांच्या भावाशी काय करायचंय? कोणी म्हणालं, त्याला मूलबाळ नसणार. कोणी म्हणालं, मूलबाळ असणार, म्हणूनच त्यानं पैसा इकडं लावून दिला. यावर मात्र गावाचं एकमत झालं.

यंत्र चालवायला माणूस पाहिजे होता, आणि तिथं मी उगवलो. मी श्रीरामपूरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. श्रीरामपूरची एसटी पकडायला मी पहाटे घरातून निघायचो आणि क्लासमध्ये आमच्या वाट्याला कॉम्प्युटर यायचा तो एकाला एक खेटून बसलेल्या पोरांच्या गराड्यातून. माझा हात कीबोर्डपर्यंत पोचायचा तेव्हा बहुतेक वीज गेलेली असायची. पण सर्टिफिकेटवर वीज गेल्याचं लिहीत नाहीत. ताईंनी मला विचारलं, मशीन चालवता येईल का? मी म्हणालो, डोळे झाकून. ते खरंच होतं. क्लासमध्ये पुढच्याच्या डोक्यामुळं मला पडदा कधी दिसलाच नव्हता.

बाजारतळाच्या कडेला पत्र्याची खोली मिळाली. तिला पडदे लागले, खाली चटई आली, पंखा आला, छपरावर कर्णा चढला. दारात पाटी: लोकोपयोगी संगणक केंद्र. आत यायचं तर चपला बाहेर. लोक यायचे, चपला काढायचे, दारातून कॉम्प्युटरला हात जोडायचे आणि जाता जाता मलाही जोडायचे. त्या दिवसांत माझी चाल बदलली, असं आई म्हणायची. मला वाटतं, उंचीही थोडी वाढली असावी.

आणि त्याच उंचीवर मला स्थळ आलं.

मुलीचा बाप बाजारातला सगळ्यांत मोठा दलाल होता. त्याला मी तेव्हापासूनच मामा म्हणू लागलो. मामा अंगानं आडवे, मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवून ते बाजारभर हिंडू शकले असते. माळावर कोणतंही जनावर उभं केलं की मामा पाठमोरे राहून नुसत्या शेपटीच्या आवाजावरून त्याचं वय सांगायचे. मुलगी बारावी झालेली. बघायच्या कार्यक्रमात सगळे मला कॉम्प्युटरबद्दल विचारत होते आणि ती मात्र माझ्या कपबशीतून चहा सांडतोय तेवढं बघत होती. मला ती इतकी आवडली, की मी तो चहा बशीतूनच प्यायलो आणि तेही बशी रिकामी आहे हे लक्षात न येता.

मामा दुसऱ्या दिवशी केंद्रावर आले. चपला बाहेर काढल्या. कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली. मॉनिटरच्या पाठीवर थाप मारून बघितली, मागच्या वायरी शेपटी उचलल्यासारख्या उचलून बघितल्या.

"किती दाती हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नवा आहे, आदत. आदत म्हणजे अजून पक्के दात न आलेला.

"मंग ह्याचा भरवसा कसा धरायचा?" मामा म्हणाले. "बैल घेताना आमी औताला जुपून बघतो. तुमचं मशीन एक साल जुपून बघू. सालानं टिकलं तर पोरगी तुमची. मशीन पुन्याला माघारी गेलं, तर तुमी बिगरकामाचं पोर, आनी मी माझा शब्द सोडला."

माझ्या वडिलांनी मान डोलावली. जन्मभर बैल बाळगलेल्या माणसाला यात चुकीचं काही दिसलं नाही. अशा रीतीनं माझं लग्न त्या यंत्राच्या गळ्यात बांधलं गेलं.

पहिल्या रविवारी मी सौद्यांचे भाव गोळा करायला बाजारात उतरलो आणि पुण्यात बसून कोणाच्याही ध्यानात न आलेली गोष्ट माझ्या ध्यानात आली. खरं तर ती मला लहानपणापासून माहीत होती, पण पगाराच्या आनंदात सांगायची राहून गेली. आमच्या बाजारात भाव बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा मोठा रुमाल काढतो, घेणाऱ्याचा हात हातात घेतो, वर रुमाल टाकतो आणि आत बोटांनी बोलणी चालतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सबंध पंजा आवळला तर पाच. मग हाच खेळ विकणाऱ्याच्या हाताशी. रुमालाबाहेर दोघंही आभाळाकडं बघत पाऊसपाण्याचं बोलत असतात आणि आत बोटांची झोंबाझोंबी चाललेली असते. पंजा धरून एक हिसका दिला की सौदा पक्का. रुमाल उडतो, दलाल ओरडतो, सौदा झाला. किती, ते तिघांनाच ठाऊक. बायकोलाही सांगत नाहीत, बैलाला तर नाहीच नाही.

ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. म्हणाल्या, अहो पण सौदा संपल्यावर विचारा की. मी म्हणालो, विचारतो.

मी विचारू लागलो आणि लोक सांगूही लागले. इतकी मदत करणारी माणसं मी जन्मात बघितली नाहीत. विकणाऱ्याला विचारावं, तर तो छाती पुढं काढून असा आकडा सांगायचा की ऐकून बैलच लाजावा. घेणाऱ्याला विचारावं, तर तो डोळा मिचकावून सांगायचा की जवळजवळ फुकटच पडला. बैल तोच, रविवार तोच, दलाल तोच. विकणारा घरी गेल्यावर कोणी म्हणायला नको की ठकून आला, आणि घेणाऱ्यालाही तीच भीती. मग मी काय करणार? कॉम्प्युटरला खोटं चालत नाही, असं आम्हाला श्रीरामपूरला शिकवलं होतं. मी दोन्ही भरले. एक रकाना विकणाऱ्यांचा बाजार, दुसरा घेणाऱ्यांचा बाजार. मशीननं दोन्हींचे चालू भाव काढले. दोन्हींच्या मधून बैलगाडी आरामात वळली असती.

आणि संध्याकाळी मी कर्ण्यावरून दोन्ही वाचून दाखवले.

पुढं जे झालं त्याला मी तरी काय करू? विकणाऱ्यांचा भाव वाऱ्यानं कुठवर नेला कोण जाणे. पुढच्या रविवारी पाथर्डी, शेवगाव, नेवासा, सगळीकडून लोक बैल घेऊन आले, की इथं सोन्याचा भाव मिळतोय. त्याच वाऱ्यानं घेणाऱ्यांचा भाव नेला होता, म्हणून मराठवाड्यातून टेम्पो भरून गिऱ्हाइकं आली, की इथं फुकट मिळतंय. बाजार फुगला. शेपूट धरून ओळखावं इतकी जनावरं दाटली. घोडेगावचा एक व्यापारी वेष पालटून आमचा बाजार बघायला आला आणि उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर टेकून रडला, असं गुऱ्हाळवाल्यानं मला सांगितलं. मामांचा रुमाल दुपारपर्यंत घामानं चिंब व्हायचा. ते माझ्याकडं बघायचे आणि मिशी वर जायची.

असे दिवस गेले. काय दिवस होते ते. सकाळी कर्ण्यावर भक्तिगीत लावायचं, मग घसा साफ करून पहिली घोषणा. माळावर धूळ, भज्यांचा वास, झुलींचे आणि गोंड्यांचे ढीग, आणि माझा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून फिरतोय. पुढं माझ्या हातून बऱ्यापैकी कामं झाली, पण एवढ्या कानांत मी परत कधी गेलो नाही.

मग वर्ष संपत आलं आणि ताई काळजी घेऊन आल्या. देणगी देणाऱ्या परदेशी संस्थेचा साहेब बघायला येणार होता. त्याचं समाधान झालं तर आणखी एक वर्ष. नाही झालं तर सगळं बांधून पुण्याला. साहेबाला एकच गोष्ट पाहिजे होती, बाजाराचा खरा भाव. मी ताईंना दोन रकाने दाखवले. त्यांनी दोन्ही वाचले आणि म्हणाल्या, याला आपल्याकडं काय म्हणतात मला माहीत आहे, पण मी ते साहेबाला इंग्रजीत सांगू शकत नाही.

मी मामांच्या घरी गेलो. ओसरीवर ते रुमाल वाळत घालत होते. म्हटलं, मामा, तुम्ही खरे भाव सांगितले तर यंत्र राहतं. यंत्र राहिलं तर तुमच्या पोरीचं लग्न होतं. नुसती कानात कुजबूज करा, मी नाव घालणार नाही.

"कुनाला लपवतो आमी भाव, माहिती हाय का तुमाला?" मामा म्हणाले. "एक मानूस हौसेनं बैल इकतो, दुसरा घरात दुखनं आलंय म्हनून इकतो. त्याला कमी पडतं. ते उघड झालं तर सारा माळ त्याच्याकडं बघंल. रुमालाखाली दोगंबी सारखेच."

हे अगदी खरं होतं. आणि रुमालाखाली मामा दोन्ही बाजूंकडून दलाली घ्यायचे, ती कोणालाच दिसत नव्हती, हेही तितकंच खरं होतं. आतून पोरगी म्हणाली, की आबा, मग तुमी लग्नाचं मशीनवर ठेवलंच कशाला? मामांनी रुमाल झटकला. मग तो पिळून परत वाळत घातला.

साहेब आला त्या रविवारी बाजारात जनावरांपेक्षा माणसं जास्त. साहेब इतका उंच की खोलीत शिरताना तो आधी गुडघ्यातून वाकला, मग कमरेतून, मग मानेतून, आणि तरी पत्रा वाजलाच. पण माणूस गुणी. चपला बाहेर काढल्या. उसाचा रस प्यायला. मामांच्या घरून आलेलं पिठलं-भाकरी मांडी घालून खाल्लं, ठेच्याला हात लावला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत हात लावला. पोरगी वाढायला आली होती. तिनं त्याच्या पानात ठेचा परत वाढला नाही, दही वाढलं. त्यावरून मला कळलं की ही पोरगी घर नीट सांभाळील. फक्त ते घर माझं असेल की नाही, एवढाच प्रश्न होता.

जेवण झालं आणि साहेब पडद्यासमोर बसला. दोन रकाने बघून त्याचा चेहरा ठेचा खाताना झाला नव्हता तसा झाला. ताईंना विचारलं, यातला खरा कोणता? ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी कर्ण्याकडं बघितलं. मग साहेब म्हणाला, मला एक सौदा डोळ्यांनी बघू द्या.

मामांना बोलावलं. बाहेर एक खिल्लारी जोडी उभी होती, तिचा सौदा व्हायचाच होता. मामांनी रुमाल टाकला, बोटं बोलली, रुमाल उडाला, सौदा झाला. साहेबानं ताईंमार्फत विचारलं, किती? मामांनी विकणाऱ्याकडं बोट दाखवलं. विकणाऱ्यानं आभाळाएवढा आकडा सांगितला. घेणाऱ्याकडं बोट दाखवलं. त्यानं चिमूटभर बुक्क्याएवढा सांगितला. भोवतीचा माळ हसून हसून खाली बसला. साहेब हसला नाही. तो शांतपणे ताईंना काहीतरी म्हणाला आणि ताईंचा चेहरा पडला. त्यांनी मला हळूच मराठीत सांगितलं: सांगतोय की लोक चांगले आहेत, पण खऱ्या भावाशिवाय पैसे चालू ठेवायची शिफारस तो करू शकत नाही.

मामांनी ते ऐकलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दारात भांडी आवरणाऱ्या पोरीकडं. मग चपला काढून ते खोलीत शिरले आणि ताईंना म्हणाले, सायेबाला म्हनावं, आत या. तुमाला रुमाल कळला न्हाई, मी कळवतो.

साहेबाला हे फार आवडलं. अशा चालीरीती शिकायला त्याला हौस होती. तो परत तीन ठिकाणी वाकून आत आला. मामा कॉम्प्युटरशेजारी उभे राहिले. डावा हात त्यांनी मॉनिटरच्या पाठीवर ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. उजव्या हातानं साहेबाचा हात धरला आणि वर रुमाल टाकला.

दारात गर्दी केलेल्या लोकांना एका क्षणात सगळं समजलं. ज्याच्या पाठीवर दलालाचा हात, त्याचाच सौदा चाललेला. मागच्यांनी टाचा उंचावल्या. रवंथ करणारी जनावरंही थांबली, असं मला तरी वाटलं. ताई कौतुकानं बघत होत्या, त्यांना वाटत होतं प्रात्यक्षिक चाललंय. साहेबालाही तेच वाटत होतं. रुमाल जरा हलला. मामांनी आत कोणतं बोट धरलं ते मी सांगू शकत नाही. मी बाहेर होतो. पण साहेबाला बहुधा गुदगुल्या झाल्या, कारण तो खुदकन हसला. आणि मग त्यानं त्याच्या देशात भला माणूस दुसऱ्या भल्या माणसाशी जे करतो तेच केलं. मामांचा सबंध पंजा हातात घेतला, घट्ट दाबला आणि चांगला जोरात हलवला.

मामांनी रुमाल उडवला.

"सौदा झाला," ते म्हणाले.

बाहेर असा ओरडा झाला की पत्र्यावरची धूळ आमच्या डोक्यावर आली. कोणीतरी गुलाल आणायला पळालं. कोणीतरी कॉम्प्युटरच्या कपाळाला कुंकू लावलं. जनावर विकलं गेलं की लावतात तसं. साहेब सगळ्यांकडं बघून हसत होता आणि ताईंना विचारत होता की काय झालं. ताईंनी मला विचारलं. मी सांगितलं. ताईंनी त्याला सांगितलं. त्याचं हसू खालून वर हळूहळू पुसलं गेलं.

तो म्हणाला, असं होत नसतं, मी एकटा ठरवू शकत नाही, तिकडं आमचं मंडळ आहे. ताईंनी ते मराठीत केलं.

"मंडळाचा हात न्हवता रुमालाखाली," मामा म्हणाले. "ह्यांचा हुता."

साहेब म्हणाला, बरं, निदान मी कबूल काय केलं ते तरी सांगा. किती वर्षं? किती पैसे?

मामांनी रुमाल घडी करून खांद्यावर टाकला. "ते मी बोलत न्हाई," ते म्हणाले.

ताईंनी हेही जसंच्या तसं सांगितलं. आणि मग साहेबाला कळलं. दोन रकाने बघून जे कळलं नव्हतं, ताईंनी इंग्रजीत वर्षभर लिहून जे कळलं नव्हतं, ते कळलं. आपण काहीतरी दिलंय, सगळ्या माळासमोर दिलंय, काय दिलंय ते आपल्यालाच ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे तो मरेपर्यंत सांगणार नाही. तो माझ्या खुर्चीवर बसला. मला वाटलं आता रागावतो. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आणि असा हसला की ठेच्याचं उरलेलं पाणी त्याच्या डोळ्यांतून आलं. शेवटी तो ताईंना म्हणाला, यांना विचारा, एक वर्ष दिलं तर चालेल का.

मामांनी विचार केल्यासारखं केलं.

"ठरलं त्याच्यापरीस कमीच हाय," ते म्हणाले. "पन पाव्हना हाय. चालंल."

साहेब गेला. त्याच्या मंडळानं कुरकुर केली की नाही माहीत नाही, पण वर्षाचं कबूल झालेलं आलं. मामांनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं की बैल औताला उभा ऱ्हायला, आता लग्नाची तिथ काढा. त्यांची घाई मला नंतर उमजली. वर्ष संपायच्या आत त्यांना पोरगी उजवायची होती. उन्हाळ्यात लग्न झालं. केंद्राचा कर्णाच मांडवावर लावला, त्यामुळं मंगलाष्टकं तिसगावपर्यंत ऐकू गेली, आणि तिकडून काही लोक अक्षता टाकायला घाईघाईनं आले, पण तोवर पंगत उठली होती.

दुसऱ्या वर्षी मशीनचं खरं काम सुरू झालं, तेही हिच्यामुळं. ही एका रविवारी डबा घेऊन आली, दोन रकाने वाचले आणि म्हणाली, भाव सोडून बाकी सगळं हे लोक खरं सांगतात, मग तेच का विचारत नाही? ज्याचा एक बैल गेला त्याला त्याच उंचीचा, त्याच रंगाचा, त्याच चालीचा जोडीदार लागतो, तो कुठं मिळेल ते विचारा की. आम्ही विचारू लागलो. रंग, दात, शिंगं, गाव. मशीन जोड लावून द्यायचं आणि मी कर्ण्यावरून सांगायचो, की अमक्या गावचा पांढरा चौसा, म्हणजे चार दाती, उजव्या अंगानं चालणारा, आपल्या जोडीदाराची वाट बघतोय. माणसांची ताटातूट झाल्यावर भेट होते तशी बैलांची भेट मी बघितली. एका जोडीनं तर एकमेकांना बघून असा हंबरडा फोडला की दोन्ही मालक रडले आणि रुमालाशिवायच सौदा करून मोकळे झाले. ताई म्हणाल्या, आता हे मी इंग्रजीत लिहू शकते.

त्यांनी लिहिलंही. पण पैसा तोवर दुसऱ्या कुठल्या देशातल्या विहिरींकडं वळला होता. वर्ष सरलं आणि एका रविवारी सकाळी टेम्पो आला. या वेळी म्हशी नव्हत्या. ताईंनी स्वतः मॉनिटर गोधडीत गुंडाळला, मी वायरींची वेटोळी केली. मामा आले, मशीनच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि बाजारात निघून गेले. कर्णा उतरवला तेव्हा छपरावर एक गोल राहिला, तिथला पत्रा अजून नव्यासारखा होता. मग टेम्पो गेला. खोलीत टेबल होतं, चटई होती, पडदे होते, आणि मला कुठं उभं राहावं ते कळेना. दुपारपर्यंत कोणीतरी आत शेळ्या बांधल्या.

मी घरी आलो. घरी काय सांगायचं याची मी वाटभर तयारी केली होती. सासऱ्याचा शब्द यंत्रावर होता, यंत्र गेलं होतं, आणि मी आता ते बिगरकामाचं पोर होतो ज्याला मामांनी पोरगी द्यायची नव्हती. उंबऱ्यात पोचेपर्यंत माझी उंचीही पहिल्यासारखी झाली असावी.

ही चुलीपाशी होती. तिनं मान वळवली.

"गेलं का?"

मी म्हणालो, गेलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तरी रविवारचं घरी जेवाल."

तिनं ताट केलं. मी चपला काढून आत गेलो आणि लग्नानंतर पहिल्यांदाच रविवारी दुपारी तिच्यासमोर बसून जेवलो.